अधिक महिन्यातला तोतया

परभणी स्थानकावर नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलेल्या दोन अनोळखी गृहस्थांपैकी एकाने दुसऱ्यास ‘कोण्या गावचे?’ असा वरकरणी निरुपद्रवी प्रश्न केला, की पूर्णा जंक्शन येण्यापूर्वीच त्या दुसऱ्या गृहस्थाचे कूळ, नोकरी, कापसाचा उतारा, उपवर कन्येचे वय आणि प्रवासाचा खरा हेतू ही सारी माहिती पहिल्याच्या दफ्तरी जमा झालेली असते. आणि गंमत अशी, की सांगणाऱ्याने यांपैकी एकही गोष्ट आपण होऊन सांगितलेली नसते. ‘सहज आलो होतो’ असे म्हणणारा मनुष्य आमच्या जिल्ह्यात सहज आला आहे, यावर आजवर कोणी विश्वास ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो एक तर मुलगी पाहावयास आलेला असतो, किंवा शेताचा तुकडा पाहावयास, किंवा उसनवारीस. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परगावच्या माणसास मोठ्या अभिमानाने ऐकवितो व त्याने तिचा अर्थ विचारताच शिताफीने विषय बदलतो. परंतु दुसऱ्याच्या मनातील गुपित हुडकून काढण्याच्या विद्येत आम्ही जर्मनीसही हार जाणार नाही, असा माझा २०२० सालच्या अधिक महिन्यापर्यंत दृढ समज होता.

त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. टाळेबंदीने माणसे जेथल्या तेथे खिळलेली. थोरले बंधू व वहिनी सेलूस, मी परभणीस, पुतण्या पुण्यास संगणकावर नोकरी करीत घरातच कोंडलेला, आणि पुतणी व जावईबापू तर पार न्यू जर्सीस. अधिकात जावयास बोलावून धोंड्याचे जेवण घालावे, तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यावेत, हा वहिनींचा अनेक वर्षांचा मनसुबा त्या साथीने धुळीस मिळविला होता. त्यांचे समाधान करण्याकरिता पुतण्याने एक तोड काढली. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले म्हणजे तिकडे भर दुपारचे बारा वाजतात. त्या वेळी सुटीच्या दिवशी सर्वांनी आपापल्या मोबाइलवर एकच खेळ उघडावा आणि एकत्र बसल्याचे सुख घ्यावे. खेळाचे नाव ‘अमंग अस’. अमेरिकेतल्या इनरस्लॉथ नावाच्या एका चिमुकल्या कंपनीने तो २०१८ साली काढला, तेव्हा त्यास फारसे कोणी विचारले नाही. पण सारे जग घरात कोंडले गेले आणि दोन वर्षांनी त्याचे दैव उघडले.

खेळाची हकीकत अशी. एक अवकाशयान आहे. त्यात पाठीवर पिशवी अडकविलेली, ढेरपोट्या बुटक्यासारखी दिसणारी दहा माणसे निरनिराळ्या रंगांत हिंडत असतात. मी पांढरा होतो, वहिनी गुलाबी, पुतण्या लाल आणि जावईबापू निळे. यांपैकी आठ जण प्रामाणिक नोकर. त्यांनी वायरी जोडावयाच्या, कचरा टाकावयाचा, इंजिनात तेल भरावयाचे. उरलेले दोघे तोतये. कोणाच्या वाट्यास कोणती भूमिका आली, हे ज्याचे त्यासच ठाऊक. दोघे तोतये मात्र एकमेकांस ओळखतात. त्यांनी नोकरांत मिसळून, कामे केल्याचा आव आणून, एकांत साधताच एकेकाचा निकाल लावावयाचा. प्रेत आढळले की सभा भरते. सर्वांनी आपापली कैफियत मांडावयाची, एकमेकांवर आळ घ्यावयाचा आणि अखेर मतदान करून कोणास तरी यानाबाहेर फेकून द्यावयाचे. फेकला गेलेला जीव अनंत अवकाशात गिरक्या घेत जात असता पडद्यावर अक्षरे उमटतात, की हा तोतया नव्हता.

इंग्रजी शब्द ‘इंपोस्टर’ असा होता. पण ‘तोतया’ हा शब्द घरात असता तो परका शब्द तोंडात घालण्याची आम्हांस आवश्यकता वाटली नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे ‘मीच तो भाऊ’ म्हणून एक गृहस्थ उभा राहिला. तो कैदेतून सुटून १७७६ साली कोकणातील किल्ले घेत घाटाच्या तोंडाशी आला, तेव्हा त्याच्यामागे फौज होती, पैसा होता आणि, सर्वांत आश्चर्याचे म्हणजे, त्यास मनापासून भाऊ मानणारी शहाणीसुरती माणसे होती. पुण्यात त्याची तहकीकात होऊन त्यास देहदंड झाला, आणि न. चिं. केळकरांस ‘तोतयाचे बंड’ या नाटकास विषय मिळाला. हा इतिहास मी खेळाच्या पहिल्याच रात्री सर्वांस सविस्तर सांगावयास घेतला. परंतु मी घाटापाशी पोहोचतो तोच कोणीतरी माझा खून केला. तो कोणी केला याचा तपास आमच्या घरात आजही कोणी लावू इच्छीत नाही.

या जातीच्या खेळाचे मूळ मात्र अमेरिकेत नाही. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव नावाच्या विद्यार्थ्याने १९८६ साली ‘माफिया’ नावाचा खेळ रचला. त्यात रात्र झाली की सारे गाव डोळे मिटते, माफिया तेवढे जागे राहून एकास उचलतात, आणि सकाळी उरलेले गाव वाद घालून कोणास तरी फासावर देते. थोड्यांस सर्व ठाऊक आणि पुष्कळांस काहीच ठाऊक नाही, अशा दोन पक्षांची ही झुंज, हे त्यातील मर्म. १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने माफियाच्या जागी माणसाचे रूप घेणारा लांडगा आणला. यानंतर तो लांडगा अवकाशात जाण्यास विलंब लागला नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील सदस्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी २०२० च्या ऑक्टोबरात, निवडणूक तोंडावर आली असता, तरुणांनी मतदान करावे म्हणून हाच खेळ जाहीरपणे खेळून दाखविला, आणि एका वेळी चार लाखांहून अधिक लोक तो पाहत होते. पुढारी म्हणविणाऱ्यांस हा खेळ मुद्दाम बसून खेळावा लागतो, हे ऐकून बंधूंस नवल वाटले.

आमच्या लहानपणी हेच काम कागदाच्या चार चिठ्ठ्यांत भागत असे. राजा, मंत्री, चोर, शिपाई. चिठ्ठ्या उधळावयाच्या, ज्याने त्याने उचलावयाच्या आणि मंत्र्याने चोर ओळखावयाचा. चोराची चिठ्ठी आली की मला हसू आवरत नसे, आणि म्हणून थोरल्या बंधूंनी हिशेबाच्या वहीत मांडलेल्या गुणांत माझ्या नावापुढे सदैव शून्यांची माळ दिसे. मोबाइलवर मुद्रा दिसत नाही, सबब आता आपला उत्कर्ष निश्चित आहे, अशी मी अटकळ बांधली होती.

शिवाय माझ्यापाशी एक खास भांडवल होते. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे काढून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. काम न करणारा मनुष्य कामाजवळ कसा उभा राहतो, हे शास्त्र माझ्याइतके सांगोपांग जाणणारा त्या यानात दुसरा कोणी नव्हता. खरोखर काम करणारा फायलीवर वाकलेला, त्रासलेला आणि अर्धवट चिडलेला दिसतो. उलट काम न करणारा फायलीसमोर शांत, प्रसन्न व किंचित अभिमानाने उभा असतो आणि बरोबर तितकाच वेळ उभा असतो, जितका वेळ ते काम करावयास लागला असता. यानात नेमके हेच घडते. तोतयास वायरी जोडता येत नाहीत. तो वायरींसमोर जाऊन उभा राहतो, मनातल्या मनात आकडे मोजतो आणि पुढे चालू लागतो. फरक इतकाच, की यानात वरच्या बाजूस एक हिरवी पट्टी असते आणि कोणाचेही काम खरोखर पुरे झाले की ती थोडी सरकते. एखादा वायरींपासून दूर झाला आणि पट्टी हलली नाही, तर तो तोतया. अशी पट्टी आमच्या कचेरीच्या भिंतीवर कोणी बसविली असती तर काय प्रसंग ओढवला असता, या विचाराने त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

या पट्टीच्या बळावर मी पहिल्या आठवड्यात तीन तोतये बिनचूक ओळखले. ओळखून उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी. कारण सभेत मी पुरावा मांडावयास प्रारंभ केला, की ‘उपरोक्त विषयान्वये’ पर्यंत माझी गाडी जाते न जाते तोच मतदानाची मुदत संपे. दुसरे कारण कार्डाचे. ॲडमिन नावाच्या खोलीत एक कार्ड यंत्राच्या खाचेतून सरकवावयाचे काम असते. हळू सरकविले तर यंत्र म्हणते फार हळू, जोरात सरकविले तर म्हणते फार जोरात. साहेबाच्या मर्जीचा हा प्रकार मी चौतीस वर्षे भोगला होता. निवृत्तीनंतर, अवकाशात गेल्यावरही तो सुटू नये, याचा मला मनस्वी संताप येई. त्यामुळे सभा कोणत्याही खुनाची असो, आरंभी मी त्या कार्डाविरुद्ध तक्रार दाखल करी आणि त्यात माझी मिनिटे खर्ची पडत. ‘काका, खून कोणी केला ते बोला,’ असे पुतण्या कळवळून म्हणे.

तोतयाच्या हाती दिवे घालविण्याचीही सत्ता असते. न्यू जर्सीतली मंडळी अंधार होताच गोंधळून धावाधाव करीत व हमखास मारली जात. आम्ही परभणी-सेलूकर मात्र दिवे गेले की आहोत तेथेच स्वस्थ उभे राहत असू. दिवे आता तासाभराने येणार, हे आमच्या हाडीमासी खिळलेले आहे.

पुतण्याची पद्धत निराळी होती. तो खेळता खेळता एक तक्ता भरीत असे: कोण कोठे, किती वाजता, कोणासमवेत. त्याचे तर्क निर्दोष असत. पण त्यात एक मोठी उणीव होती. त्याने जावईबापूंचा रकाना रिकामा ठेवला होता. ठेवावाच लागला. भर अधिक महिन्यात जावयास ‘आपण इंजिनच्या खोलीत काय करीत होता?’ असे विचारण्याची आमच्या घरात कोणाची छाती होती? प्रेताशेजारी ते एकटे उभे असता सापडले, तेव्हा बंधू घाईघाईने म्हणाले, ‘जावईबापू आताच आले असतील.’ दुसऱ्यांदा त्यांनी माझा खून माझ्या डोळ्यांदेखत, अर्थात दुसऱ्या कोणाच्या देखत शक्यही नव्हता, केला. तेव्हा मतदानात दोषी ठरला तो पुतण्या, कारण तो मोठ्याने बोलला होता. अशा रीतीने जावईबापू तीन वेळा तोतये झाले आणि तिन्ही वेळा मानपान घेऊन विजयी झाले. मेलेल्या खेळाडूचे येथे भूत होते; त्यास भिंतींतून आरपार जाता येते, कोणी काय केले ते सर्व दिसते, परंतु जिवंतांशी बोलता येत नाही, आणि तरीही राहिलेली कामे पुरी करावीच लागतात. सेवानिवृत्त मनुष्यास या अवस्थेत नवीन असे काही वाटत नाही.

जावईबापूंची ही सद्दी अखेर मोडली ती त्यांच्या सासूबाईंनी. वहिनींवर कोणाचा संशय जाणे दुरापास्त होते. बोलणे मवाळ, खेळ समजत नसल्याचा स्वर कायम, आणि मध्येच ‘भाऊजी, ती पानं कुठं साफ करायची हो?’ असा प्रश्न. त्या रात्री मी आधीच भूत झालो होतो, म्हणून मला तो प्रसंग प्रत्यक्ष पाहता आला. गुलाबी बुटकी निळ्या बुटक्याच्या मागोमाग विजेच्या खोलीत गेली. क्षणभर दोघे आदराने समोरासमोर उभे राहिले. नंतर निळ्या बुटक्याचे अर्धे अंग खाली राहिले व गुलाबी बुटकी जमिनीवरील झडप उचलून भुयारात उतरली आणि पार दुसऱ्या खोलीत वर आली. सभेत वहिनींनीच सर्वांआधी हळहळ व्यक्त केली. ‘मी तर तिकडं कचरा टाकायले होते. अधिकाचा महिना अन् जावयावर हे काय संकट!’

पुतण्याने तक्ता पुढे केला आणि आईवर बोट ठेवले. त्यावर वहिनींनी दिलेली जबानी मी विसरणे शक्य नाही. वहिनींचे माहेर गंगाखेडचे. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्या जनाबाईवरबी असाच आळ आला होता.’

जनाबाई गंगाखेडची, हे आमच्या जिल्ह्यात मुलांस पाळण्यातच कळते. आणि कथा तर सर्वश्रुत आहे. पांडुरंग जनीकडे दळावयास आला, पहाट झाली, परतण्याची घाई उडाली, आणि देव आपल्या गळ्यातील पदक तेथेच विसरून, तिची वाकळ पांघरून राउळात परतला. पुजाऱ्यांनी शोध केला. पदक जनीच्या घरी सापडले. मुद्देमाल हाती, मुलजिम हजर, साक्षीदार कोणी नाही. सुळाची शिक्षा झाली, आणि सुळाचे पाणी झाले म्हणून जनी वाचली. मी ही कथा लहानपणापासून भक्तिभावाने ऐकली होती. कारकुनी दृष्टीने तिचा विचार मात्र त्या रात्री प्रथमच केला, आणि ध्यानात आले, की ज्या प्रकरणात फिर्यादी, मालाचा मालक आणि माल तेथे ठेवणारा ही तिन्ही एकच असामी आहे, त्या प्रकरणाचा छडा पुतण्याचा तक्ता तर सोडाच, पण पुण्याची सारी तहकीकात एकत्र आली असती तरी लागला नसता. जनी खरोखर निर्दोष होती. वहिनी नव्हत्या. पण जनाबाईचे नाव निघाल्यावर मतदान कसले? सर्वांनी पुतण्यास बाहेर फेकले.

दुसऱ्याचे गुपित हुडकण्याच्या विद्येचा वारसा आमच्या घरात जुना आहे. आजोबा निजामाच्या अमदानीत जिंतूर भागात गिरदावर होते. मुक्तिसंग्रामाचे दिवस, पोलीस ॲक्शन १९४८ च्या १३ सप्टेंबरास सुरू होऊन पाच दिवसांत आटोपली, त्याआधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट, आजीच्या तोंडून ऐकलेली. एक कासार महिन्यात तीनदा दारी आला. पहिल्याच खेपेस आजीच्या हातात बांगडी चढविताना त्याने दोन फोडल्या. कासाराचा हात आणि बाईचा हात यांची भेट आजीने जन्मभर पाहिली होती. हा हात लेखणी धरणारा आहे, हे तिने त्या दोन बांगड्यांतच ओळखले. तो कोणाचा निरोप, कोणाची पत्रके, कोणत्या गावाहून कोणत्या गावास नेत आहे, हे तिने विचारले नाही. ती फुटक्या बांगड्यांचेही पैसे देऊन म्हणाली, ‘दादा, बांगडी भरताना आधी अंगठा दुमडून घ्यावा लागतो. पुढच्या घरी ध्यानात ठेवा.’ ओसरीवर सरकारचे इमानी नोकर असलेले आजोबा सुपारी कातरीत बसले होते. तिसऱ्या खेपेस त्यांनी फक्त भाव विचारला आणि वर मान केली नाही. कितीतरी वर्षांनी, निजामशाही गेली, तहसिलीचे दफ्तर उर्दूतून मराठीत आले, तेव्हा एके दिवशी जेवताना ते आजीस म्हणाले, की काचेच्या बांगड्यांचे गाठोडे खाली ठेवताना वाजते. त्याचे वाजत नव्हते. आजी म्हणाली, ‘मग तेव्हाच का नाही बोललात?’ आजोबा म्हणाले, ‘तू तरी कुठं बोललीस?’

अधिक महिना संपत आला, तेव्हा एका रात्री प्रथमच माझ्या पडद्यावर लाल अक्षरे आली. मी तोतया झालो होतो. हात कापू लागले. पण पाहणारे कोणी नव्हते. मी माझ्या सेवाकाळातील सारे निरीक्षण पणास लावले. वायरींसमोर उभा राहिलो, मनात आकडे मोजले, दुसऱ्या कोणाचे काम पुरे होऊन पट्टी सरकली की तेवढ्यात बाजूला झालो, जणू ती माझ्यामुळेच सरकली. हेही तंत्र मी कचेरीत पुष्कळदा पाहिले होते. सभांतून मोजके व गंभीर बोललो. माझा जोडीदार तोतया बंधू होते. ते दुसऱ्याच सभेत हसले आणि बाहेर फेकले गेले. मी मात्र टिकलो. एकामागून एक माणसे गळत गेली आणि अखेर तिघेच उरलो: मी, वहिनी आणि पुतण्या.

पुतण्या त्या रात्री अप्रतिम बोलला. त्याने तक्ता वाचून दाखविला, वेळा सांगितल्या, जावईबापू पडले तेव्हा मी किती अंतरावर होतो ते सांगितले, आणि म्हणाला, ‘आई, काकाच आहेत. शंभर टक्के. तू फक्त पांढऱ्यावर बोट ठेव.’ मला बचाव सुचेना. ‘मी तर वायरी जोडायलो होतो,’ एवढेच मी पुटपुटलो. पलीकडे सेलूत काही क्षण शांतता होती. कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. मग मतांची गणती झाली. लाल बुटका यानाबाहेर गिरक्या घेत निघाला. ‘आई, तू मला बाहेर काढायलीस?’ असा त्याचा आर्त प्रश्न ऐकू आला आणि पडद्यावर अक्षरे उमटली, की हा तोतया नव्हता. डाव मी जिंकला होता.

पाच मिनिटांनी वहिनींचा स्वतंत्र फोन आला. प्रथम त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, अनारसे जमले नाहीत याचे दुःख सांगितले आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, ‘भाऊजी, आज एकदाबी त्या कार्डाच्या नावानं बोंबलला नाहीत तुम्ही. पुढच्या खेपेला अंगावर आलं, तर अधूनमधून बोंबलत जा.’